रसिकांचे बालगंधर्व

विदर्भाच्या दक्षिण भागात, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा हे गाव वसलेले आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. नागपूरहून दक्षिणेकडे हैदराबादला जाणारा राजमार्ग या गावावरून जातो. भोवतालची जमीन काळी आणि कसदार. कापूस हे येथील मुख्य पीक. कापूस वेचून झाला, तो बाजारात विकला गेला, की शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागत आणि मनाला थोडी उसंत मिळे. अशा दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी संगीत नाटकमंडळी मुक्कामास आल्याची वार्ता येऊन पोहोचली, तर रसिक मंडळींच्या मनात केवढी खळबळ उडत असेल, याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

शंभर वर्षांपूर्वी नाटकास जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. पांढरकवड्याहून यवतमाळ साठ किलोमीटरांहून अधिक दूर. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एक लहानशी आगगाडी यवतमाळपर्यंत येऊ लागली. पण पांढरकवड्याला रेल्वे नव्हती. बैलगाडीने जावयाचे, तर वाटेत मुक्काम करणे भाग होते. यवतमाळला न जाता अमरावती किंवा नागपूर गाठावयाचे, तर प्रवास त्याहून मोठा. म्हणून नाटकाचा बेत ठरला म्हणजे त्याची तयारी आधीपासून सुरू होई. गाडीला वंगण घालावयाचे, बैलांसाठी कडबा भरून घ्यावयाचा, वाटेसाठी भाकऱ्या आणि चटणी बांधावयाची, उतरण्यासाठी नात्यागोत्यातील एखादे घर शोधावयाचे आणि तिकिटाचे पैसे वेगळे गाठीला मारून ठेवावयाचे. घरी म्हाताऱ्या माणसांची आणि गुराढोरांची सोय लावून द्यावी लागे, ती निराळीच. नाटक रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होई आणि पुष्कळदा पहाटेपर्यंत चाले. एका रात्रीच्या आनंदासाठी माणसे चार-पाच दिवस आणि कित्येकदा महिन्याची शिल्लकही खर्ची घालीत.

इतका खटाटोप करून आलेल्या प्रेक्षकाला आपण काय दिले पाहिजे, असा विचार ज्या नटाने जन्मभर मनात वागविला, त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. सारा महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व या नावाने ओळखतो.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस घराणे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे या गावचे. घरची स्थिती बेताचीच होती. परंतु नारायणाला निसर्गाने दोन देणग्या मुक्तहस्ताने दिल्या होत्या. एक गोड, निकोप गळा आणि दुसरी देखणे रूप. त्याच्या गाण्याची गोडी पाहून वडील माणसांनी त्याला जळगाव येथे नातलगांकडे ठेविले. तेथे त्याला मेहबूबखाँ यांच्याकडून गायनाचे पहिले धडे मिळाले. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्याचे मन सुरांत अधिक रमत असे.

नारायण सुमारे दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर त्याचे गाणे झाले, असे सांगतात. त्या कोवळ्या गळ्यातील सूर ऐकून टिळक प्रसन्न झाले आणि त्यांनी त्या मुलास बालगंधर्व म्हणून गौरविले. गंधर्व म्हणजे देवांच्या सभेतील गायक. लहान वयात मिळालेले हे नाव पुढे त्याच्या मूळ नावापेक्षाही मोठे झाले.

त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांचा मोठा बोलबाला होता. १८८० साली बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात शाकुंतल हे संगीत नाटक रंगभूमीवर आणिले. त्यापूर्वीच्या नाटकांत सूत्रधार एका बाजूस उभा राहून गात असे आणि पात्रे आपापली सोंगे वठवीत असत. किर्लोस्करांच्या नाटकात पात्रे स्वतःच गद्य बोलू लागली आणि स्वतःच पदे गाऊ लागली. लोकांना हा प्रकार फार आवडला. किर्लोस्कर नाटकमंडळी गावोगाव फिरू लागली. भाऊराव कोल्हटकर हे तिचे भूषण होते. त्यांच्या तेजस्वी आवाजाने त्यांनी प्रेक्षकांना वेड लाविले होते. परंतु १९०१ साली भाऊरावांचा अकाली मृत्यू झाला आणि मंडळीचा आधारच जणू निखळला. त्यांची जागा घेणारा नट मिळेना.

नारायणाचे नाव मंडळीच्या कानी आले; परंतु वाटेत एक अडचण होती. त्याला कानाने कमी ऐकू येत असे. ज्याला सूर गळ्यातून काढावयाचा, त्याला तो कानाने नीट ऐकू आला पाहिजे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज हे कलावंतांचे मोठे आश्रयदाते होते. त्यांनी नारायणाच्या कानावर मिरजेच्या रुग्णालयात उपचार करविले. ही अडचण दूर झाल्यावर १९०५ साली नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि त्याच वर्षी मिरजेस शाकुंतल नाटकात शकुंतलेची भूमिका करून त्याने रंगभूमीवर पहिले पाऊल टाकिले. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता.

पुरुषाने स्त्रीची भूमिका करावी, हे आज नवल वाटेल. त्या काळी कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते. म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनाच कराव्या लागत. पुष्कळ नट लुगडे नेसून आणि आवाज बारीक करून वेळ निभावून नेत. नारायणरावांनी तसे केले नाही. कुलवंत घरातील स्त्री कशी चालते, कशी बसते, पदर कसा सावरते, लाजते कशी आणि रागावते कशी, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. रंगभूमीवर ते उभे राहिले, की हा पुरुष आहे याचा प्रेक्षकांना विसर पडे. पुढे पुढे तर घराघरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा केसांत गजरा माळू लागल्या आणि तशाच घडणीचे दागिने करवून घेऊ लागल्या.

त्यांच्या गाण्याची रीतही न्यारी होती. त्या काळच्या नाटकगृहांत ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत त्याच्या स्वतःच्या बळावर पोहोचावा लागे. यामुळे कित्येक नट मोठ्याने ओरडून गात. नारायणरावांचा स्वर मात्र मोठा असूनही कधी कर्कश झाला नाही. पदातील शब्द ते स्पष्ट उच्चारीत आणि शब्दाचा अर्थ सुरातून उलगडून दाखवीत. प्रेक्षक एकेक पद पुनःपुन्हा म्हणावयास लावीत आणि ते प्रत्येक वेळी त्यात नवी लकेर घालीत. त्यामुळे नाटक लांबे. पण कंटाळून उठून जाणारा प्रेक्षक विरळाच.

१९११ साल उजाडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी मानापमान हे नवे संगीत नाटक लिहिले होते. गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या पदांना नव्या, मनोहर चाली दिल्या होत्या. या नाटकाची नायिका भामिनी. ती श्रीमंत घरातील, मानी मुलगी. धैर्यधर हा शूर परंतु निर्धन सेनापती तिला पती म्हणून पसंत पडत नाही. मग ती साधा वेष घेऊन त्याच्या छावणीत जाते, त्याचे गुण प्रत्यक्ष पाहते आणि तिचा गर्व गळून जातो. ही भामिनीची भूमिका नारायणरावांकडे होती. नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत व्हावयाचा होता. नव्या नाटकाची कीर्ती आधीच पसरली होती. तिकिटांसाठी लोकांची झुंबड उडाली होती.

आणि त्याच दिवशी नारायणरावांच्या घरावर आकाश कोसळले. त्यांची पहिली मुलगी देवाघरी गेली. बाप झाल्याचे सुख ज्या बालकाने दिले, त्याचाच वियोग त्यांच्या कपाळी आला. मंडळीतील सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. अशा प्रसंगी कोणी नटाला रंगभूमीवर उभे राहा म्हणून कसे सांगावे? प्रयोग पुढे ढकलावा, असा विचार निघाला. तसे झाले असते तर नारायणरावांना कोणीही दोष दिला नसता.

परंतु नारायणरावांनी निराळा निर्णय घेतला. प्रयोग ठरल्याप्रमाणे होईल, असे त्यांनी सांगितले. आलेले प्रेक्षक हिरमुसले होऊन परत जाऊ नयेत, त्यांनी केलेला खर्च आणि धरलेली आशा व्यर्थ होऊ नये, हा विचार त्यांनी आपल्या दुःखाहून मोठा मानिला. रात्री पडदा वर गेला. भामिनी प्रेक्षकांसमोर आली, हसली, रुसली, गायली. समोर बसलेल्या प्रेक्षकांना पदे ऐकताना नटाच्या अंतरीची वेदना जाणवलीही नाही. त्या एका रात्रीने मानापमान हे नाटक अजरामर केले.

हा निर्णय योग्य होता काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. घरी लेकीच्या दुःखात बुडालेली माणसे असताना बापाने तोंडाला रंग लावावा, हे काहींना कठोर वाटेल. पण नारायणराव निष्ठुर नव्हते. दुःख त्यांना इतरांइतकेच झाले होते. मात्र ते दुःख आपले एकट्याचे आहे आणि दिलेला शब्द शेकडो लोकांना दिलेला आहे, हा भेद त्यांनी ओळखिला. ज्याने त्याने स्वतःशीच सोडवावा असा हा पेच होता. त्यांनी तो आपल्या परीने सोडविला आणि त्याची किंमतही स्वतःच भोगिली.

१९१३ साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे या सहकाऱ्यांसह त्यांनी गंधर्व नाटकमंडळी स्थापन केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी या मंडळीला आश्रय दिला. आता नारायणराव केवळ नट राहिले नाहीत. शेकडो माणसांच्या पोटाची जबाबदारी त्यांच्या शिरावर आली.

फिरती नाटकमंडळी म्हणजे एक चालते-फिरते गावच असे. त्यात नट असत, वादक असत, पडदे रंगविणारे चित्रकार असत, वेष शिवणारे शिंपी असत, आचारी असत, गडीमाणसे असत. गद्य पाठ करून घेणारे तालीममास्तरही असत आणि लहान भूमिका करणारी मुलेही असत. पडदे, पोशाख, दिवे, भांडीकुंडी, वाद्ये असे सारे सामान आगगाडीच्या डब्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावे लागे. मंडळीची माणसे आधी पुढे जाऊन नाटकगृह ठरवीत, बिऱ्हाडाची सोय लावीत, भिंतींवर जाहिराती चिकटवीत आणि हस्तपत्रके वाटीत. मग आठवड्यातून दोन-तीन रात्री खेळ होत. उरलेले दिवस तालमींत जात. गाव लहान असो वा मोठे, खेळाला गर्दी झाली तर चूल चांगली पेटे. पाऊस किंवा साथीचा रोग आला तर खेळ बंद पडत आणि खर्च मात्र चालूच राही.

अशा परिस्थितीत पुष्कळ मंडळ्यांचे मालक मोठ्या शहरी चांगला खेळ करीत आणि लहान गावी कसाबसा उरकून घेत. जुने पडदे, विटलेली लुगडी, अर्ध्या वादकांनिशी केलेले गाणे यांवर ते वेळ मारून नेत. नारायणरावांना हे मान्य नव्हते. प्रेक्षक हे आपले मायबाप आहेत, अशी त्यांची दृढ भावना होती. आईबापांपुढे ठेवावयाचे ते उत्तमच असले पाहिजे, मग ते आईबाप मुंबईत राहोत की एखाद्या दूरच्या गावी. यासाठी त्यांच्या मंडळीत वेष खरे भरजरी असत, दागिने घडीव असत, नाटकगृहात अत्तराचा सुगंध दरवळत असे. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे थोर कलावंत साथीला बसत. जे गाणे राजेरजवाड्यांच्या दरबारात ऐकावयास मिळे, ते आता चार आठ आण्यांचे तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाच्या कानी पडू लागले. गावोगावच्या लोकांना रागदारीची गोडी लागली, ती पुष्कळ अंशी या संगीत नाटकांमुळेच.

१९१६ साली खाडिलकरांचे स्वयंवर हे नाटक गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणिले. श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांची ही कथा. थोर गायक भास्करबुवा बखले यांनी तिच्या पदांना चाली दिल्या होत्या. भास्करबुवांना नारायणराव गुरू मानीत. कीर्तीच्या शिखरावर असतानाही ते गुरूपुढे शिष्य म्हणूनच बसत आणि एकेक चाल मन लावून शिकत. रुक्मिणीच्या रूपात त्यांनी गायिलेली पदे महाराष्ट्राच्या घराघरांत गुणगुणिली जाऊ लागली.

यानंतरचे नाटक एकच प्याला. ते राम गणेश गडकरी यांनी लिहिले. दारूच्या एका प्याल्याने सुधाकर नावाच्या हुशार वकिलाच्या संसाराची कशी राखरांगोळी होते, याची ही करुण कथा आहे. गडकऱ्यांचा प्राण मात्र या नाटकाचा प्रयोग पाहण्यापूर्वीच गेला. विदर्भातील नागपूरजवळच्या सावनेर या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात बडोद्यास नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नारायणरावांनी सुधाकराच्या पत्नीची, सिंधूची, भूमिका केली. ज्यांना लोकांनी नेहमी भरजरी शालूत पाहिले होते, ते आता फाटके लुगडे नेसून, दळण दळीत रंगभूमीवर बसले. शालूचे तेज ओसरले. पण सिंधूच्या सोशिकपणाचे तेज प्रेक्षकांच्या काळजाला जाऊन भिडले. नाटकगृहात हुंदके ऐकू येत. नट वेषाने मोठा होत नाही, तर भूमिकेशी एकरूप होऊन मोठा होतो, हे त्या दिवशी सर्वांना कळून आले.

उत्तमाचा हा ध्यास जितका थोर, तितकाच तो खर्चाचाही होता. पैशाचा हिशोब ठेवणे नारायणरावांना कधी जमले नाही. १९२० साली द्रौपदी हे नाटक आले. त्यातील मयसभेचा देखावा खरोखरीच राजवैभवाचा वाटावा, म्हणून त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतिला. देखावा अप्रतिम झाला. परंतु खर्च भरून निघाला नाही. मंडळीचे भागीदार एकेक करून वेगळे झाले. १९२१ च्या सुमारास मंडळीचा सारा भार एकट्या नारायणरावांवर येऊन पडला आणि त्याबरोबर लाखाहून अधिक रुपयांचे कर्जही आले. त्या काळी लाख रुपये ही फार मोठी रक्कम होती.

याच वर्षी एक अपूर्व घटना घडली. लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ स्वराज्यनिधी गोळा करण्यात येत होता. त्या निधीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत मानापमानाचा संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्श या दुसऱ्या नामांकित मंडळीचे मालक केशवराव भोसले यांनी धैर्यधराची भूमिका केली आणि नारायणरावांनी भामिनीची. दोन मंडळ्या म्हणजे एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. त्यांचे चाहतेही परस्परांशी हिरिरीने वाद घालीत. पण देशकार्यासाठी दोन्ही नट एका रंगभूमीवर उभे राहिले. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले, तरी जागा पुरली नाही. दूरदूरच्या गावांहून लोक मुंबईस आले. ज्याच्या डोक्यावर लाखाचे कर्ज आहे, त्याने त्या रात्रीचे उत्पन्न देशाला अर्पण केले. दुर्दैवाने त्यानंतर तीन महिन्यांतच, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले आणि तो योग पुन्हा कधी आला नाही.

नारायणरावांच्या कर्जाची वार्ता सर्वत्र पसरली, तेव्हा त्यांचे चाहते पुढे आले. वर्गणी जमवून कर्ज फेडून टाकावे, असा विचार त्यांनी मांडिला. नारायणराव मान हलवते, तर एका दिवसात ते मोकळे झाले असते. परंतु त्यांनी नम्रपणे नकार दिला. प्रेक्षकांनी तिकीट काढून दिलेला पैसा हा कलेचा मोबदला आहे. तो घेण्यात कमीपणा नाही. पण काही न देता घेतलेला पैसा म्हणजे दान. ते त्यांना नको होते. कर्ज आपण केले आहे, तेव्हा ते आपल्या कष्टानेच फिटले पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. मग मंडळी गावामागून गाव फिरली. रात्रीमागून रात्र पदे गायिली गेली. पुढील सुमारे सात वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडून टाकिले. विशेष हे, की या हलाखीच्या दिवसांतही त्यांनी खेळाचा दर्जा उतरू दिला नाही.

पुढे काळ पालटला. १९३१ साली भारतात पहिला बोलपट आला आणि १९३२ साली मराठी बोलपटही आला. बोलपट पाहण्यासाठी रात्रभर जागावे लागत नसे आणि पैसेही थोडे पडत. चित्रफितीचा एक डबा पाठविला, की कोणत्याही गावी खेळ होई. त्यासाठी शंभर माणसांचे बिऱ्हाड हलविण्याचे कारण नव्हते. नाटकगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली. एकेक नाटकमंडळी बंद पडत गेली. गंधर्व मंडळीलाही त्याची झळ लागली. १९३५ साली नारायणरावांनी प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली. परंतु तेथे त्यांचा जीव रमेना. समोर प्रेक्षक नाहीत, दाद नाही, पुन्हा एकदा म्हणा असा आग्रह नाही. केवळ एक यंत्र आहे. त्यांना ते परके वाटले. सुखाची वाट सोडून ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

उतारवयात त्यांच्या वाट्याला फार कष्ट आले. वय वाढले होते, शरीर पूर्वीसारखे राहिले नव्हते आणि स्त्रियांच्या भूमिका करण्यासाठी आता स्त्रियाच रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या. उत्पन्न घटले. पुढे पायांतील शक्ती गेली आणि चालणे अशक्य झाले. ज्यांनी आपल्या प्रेक्षकांवर अत्तराचा वर्षाव केला, त्यांचे अखेरचे दिवस हालअपेष्टांत गेले. पैशाच्या बाबतीत त्यांनी थोडा विवेक ठेविला असता, तर हे दिवस कदाचित आले नसते. थोर माणसांच्याही अंगी उणिवा असतात आणि त्यांचे फळ त्यांना भोगावे लागते. पण त्या उणिवेपोटी त्यांनी कोणाला फसविले नाही आणि कोणाचे देणे बुडविले नाही.

स्वतंत्र भारताने त्यांच्या कलेची जाण ठेविली. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. १९६४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुणे शहरात त्यांच्या नावाने एक मोठे नाट्यगृह बांधण्याचे ठरले. १९६२ साली त्या वास्तूची कोनशिला खुद्द नारायणरावांच्या हस्ते बसविण्यात आली. परंतु ती वास्तू पुरी झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेविला. पुढील वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी बालगंधर्व रंगमंदिर रसिकांसाठी खुले झाले.

नारायणरावांनी धन मिळविले आणि ते गमाविले. रूप काळाने नेले. आवाजही वयाबरोबर थकला. पण त्यांनी एक गोष्ट अखेरपर्यंत सांभाळिली. जो माणूस दूरच्या गावाहून, वाटेची धूळ खात, पदरमोड करून आपल्यासाठी आला, त्याची ती रात्र वाया जाता कामा नये. काम करणारा नट असो, शिक्षक असो, सुतार असो की शेतकरी असो. आपल्यावर विसंबून राहिलेल्या माणसाला आपल्याजवळचे उत्तम तेच द्यावे, हा त्यांच्या जीवनाचा आदर्श आहे. त्यांची गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत, ती या निष्ठेच्या बळावर.